‘संबंध’ या शब्दाची उलटतपासणी: घराणं, बँक आणि माफिया असा आरोप हाती आला तर तो कसा तपासायचा

निवृत्त बँकवाल्यांच्या आमच्या ग्रुपवर गेल्या महिन्यात एक तक्ता आला. वर अमेरिकेच्या बुश घराण्यातल्या बाप-लेकांचे फोटो, मधे ‘बीसीसीआय’ असं ठळक अक्षरांत, खाली कोलंबियाच्या ड्रग टोळीचे म्होरके आणि सगळ्यांना जोडणारे लाल बाण. मथळा होता, ‘संबंध उघड!’ नातू शेजारून डोकावला आणि म्हणाला, ‘‘आजोबा, यात क्रिकेट बोर्ड कुठून आलं?’’

ही बीसीसीआय ती नव्हे. बँक ऑफ क्रेडिट अँड कॉमर्स इंटरनॅशनल, स्थापना १९७२. नोंदणी लक्झेंबर्गला, एक पाय केमन बेटांवर, कारभार लंडनमधून आणि पाठीशी अबू धाबीचा पैसा. संस्थापक आगा हसन अबेदी. हा लखनौकडचा माणूस फाळणीआधी मुंबईत हबीब बँकेत नोकरीला लागला आणि नंतर पाकिस्तानात गेला. बीसीसीआयची मुंबईतही शाखा होती. ती बुडाल्यावर स्टेट बँकेने उपकंपनी काढून तिथला कारभार हाती घेतला. ५ जुलै १९९१ ला बँक ऑफ इंग्लंडने आणि इतर देशांच्या नियंत्रकांनी तिला टाळं ठोकलं, तेव्हा मी नोकरीत नवा होतो. आमच्याकडे आठवडाभर दुसरा विषय नव्हता.

पुढे अर्धी नोकरी तपासणी विभागात गेली. तिथे एक गोष्ट अंगाला लागली. खोट्या आकड्यापेक्षा ‘संबंध’ हा शब्द जास्त फसवतो. मराठीत ओळख म्हणजे संबंध, सोयरीक म्हणजे संबंध, उधारी म्हणजे संबंध आणि कटही संबंधच. ‘साटंलोटं’ घ्या. दोन घरांनी एकमेकांच्या मुली सुना करून घेणं, एवढाच त्याचा मूळ अर्थ. आज वर्तमानपत्रात तो शब्द आला की वाचणाऱ्याला थेट नोटांची बॅग दिसते.

तेव्हा असा तक्ता तुमच्याकडे आला तर काय करायचं, ते याच तक्त्यावरून दाखवतो. पुढारी परदेशातला असो की तुमच्या तालुक्यातला, रीत तीच. एक वही घ्या, आडवी धरा आणि सहा रकाने पाडा: कोणी, नक्की काय केलं, कोणाबरोबर, कधी, कागद कोणता, त्या कागदाची आजची स्थिती काय.

आधी बाण मोडा

प्रत्येक लाल बाणाचं एक पूर्ण वाक्य करा. वाक्यात क्रियापद हवं आणि ते ‘संबंध होते’ हे नको. ‘कर्ज दिलं’, ‘समभाग घेतले’, ‘सही केली’, ‘माहीत असून गप्प राहिले’ अशी क्रियापदं चालतील. ज्या बाणाला असं क्रियापद सापडत नाही, तो पेन्सिलीने लिहा, म्हणजे अजून कच्चा.

आमच्या तक्त्यातून पाच वाक्यं निघाली. बीसीसीआयने ड्रगचा पैसा धुतला. बीसीसीआयने नामधारी माणसं पुढे करून अमेरिकी बँका गुपचूप ताब्यात घेतल्या. थोरल्या बुश यांचा मुलगा जॉर्ज डब्ल्यू. ज्या तेल कंपनीत संचालक होता, तिच्यात या बँकेच्या वर्तुळातला पैसा आला. दुसरा मुलगा नील ज्या वित्तसंस्थेत संचालक होता, ती बुडाली. आणि शेवटचं: हे सगळं घराण्याला ठाऊक होतं, म्हणून सरकारने कारवाई दाबली.

ही पाच वाक्यं वेगवेगळ्या वजनाची आहेत. तक्त्यात मात्र सगळे बाण एकाच जाडीचे होते.

तारखांची उभी ओळ काढा

वहीच्या पुढच्या पानावर फक्त तारखा. थोरले बुश १९७६ मध्ये सीआयए या अमेरिकी गुप्तहेर संस्थेचे संचालक, १९८१ पासून उपराष्ट्राध्यक्ष, जानेवारी १९८९ ते जानेवारी १९९३ राष्ट्राध्यक्ष. फ्लोरिडातल्या टॅम्पाचं ड्रग प्रकरण, ज्यात बीसीसीआयचे अधिकारी पकडले गेले, ते फुटलं ऑक्टोबर १९८८ मध्ये. बँकेने तिथे गुन्हा कबूल केला जानेवारी १९९० मध्ये. टाळं लागलं जुलै १९९१ मध्ये.

ओळ काढली की दोन गोष्टी दिसतात. एक, कबुलीनंतरही बँक दीड वर्ष सुरूच राहिली, आणि हा प्रश्न खरोखर विचारण्यासारखा आहे. दोन, शेजारी-शेजारी आलेल्या तारखा आपल्याला उगाच कारण आणि परिणाम वाटायला लागतात. तक्ते बनवणारे नेमके यावरच जगतात.

कागद कोणत्या पायरीवर उभा आहे?

इथे घाई केली तर पुढचं सगळं फुकट. कानावर आलेलं, निनावी सूत्रांची बातमी, फिर्याद, आरोपपत्र, न्यायालयाने केलेली आरोपनिश्चिती, कबुली किंवा शिक्षा, आणि अपिलात काय झालं, अशा या पायऱ्या. बाजूला दुसरा जिना आहे: नियंत्रकाचा आदेश, लेखापरीक्षण, संसदीय समितीचा अहवाल. दोन्ही जिने एकमेकांत मिसळायचे नाहीत.

आपल्याकडे यात सर्वांत जास्त गोंधळ घालणारा शब्द म्हणजे ‘क्लीन चिट’. महाराष्ट्रात पोलिसांनी तपास बंद केला की ‘समरी’ जाते आणि ती तीन प्रकारची असते. ‘ए’ म्हणजे गुन्हा घडलाय, पण आरोपी किंवा पुरेसा पुरावा मिळत नाही. ‘बी’ म्हणजे फिर्यादच खोटी, खोडसाळ. ‘सी’ म्हणजे खरी नाही आणि खोटीही नाही. गैरसमजातून झालेली किंवा मुळात दिवाणी बाब. बातमीत तिन्हींना क्लीन चिटच म्हणतात. त्यात समरी दाखल झाली म्हणजे न्यायालयाने ती मान्य केली असंही नाही. दंडाधिकारी ती फेटाळून पुढचा तपास करायला सांगू शकतात. तसंच खटला चालण्याआधीच दोषमुक्त होणं वेगळं, खटला चालून निर्दोष सुटणं वेगळं आणि उच्च न्यायालयाने गुन्हाच रद्द करणं वेगळं.

बीसीसीआयच्याच प्रकरणात हे सगळे नमुने सापडतात. बँकेने संस्था म्हणून दोनदा गुन्हा कबूल केला. दुसऱ्यांदा, डिसेंबर १९९१ मध्ये, अमेरिकेतली ५५ कोटी डॉलरची मालमत्ता सोडून दिली. अबेदींवर न्यूयॉर्कमध्ये आरोप ठेवले गेले, पण ते कधी तिथल्या न्यायालयासमोर आले नाहीत. १९९५ मध्ये पाकिस्तानातच वारले. बीसीसीआयचे वॉशिंग्टनमधले बडे वकील, माजी संरक्षणमंत्री क्लार्क क्लिफर्ड यांच्यावरचे आरोप प्रकृतीच्या कारणाने मागे घेतले गेले. त्यांचे भागीदार रॉबर्ट ऑल्टमन मात्र १९९३ मध्ये खटला लढून निर्दोष सुटले. एकाच टेबलाशी बसलेली दोन माणसं, सहाव्या रकान्यात दोन वेगळ्या नोंदी.

मूळ कागद वाचा, हे वेगळं सांगायला नको, पण सांगतो. ‘वोहरा समितीच्या अहवालात अमक्याचं नाव आहे’ हे वाक्य मी तीस वर्षं ऐकतोय. मार्च १९९३ च्या मुंबई स्फोटांनंतर त्या जुलैत केंद्रीय गृहसचिव एन. एन. वोहरा यांची समिती नेमली गेली आणि ऑगस्ट १९९५ मध्ये अहवाल संसदेत मांडला गेला. तो जेमतेम डझनभर पानांचा आहे. गुन्हेगार, नेते आणि अधिकारी यांच्या साखळीचं वर्णन त्यात आहे. पुढाऱ्यांची यादी नाही.

पैशाच्या वाटेने चाला

बँकवाल्याला इथे जास्त रस असणार, तेव्हा थोडं सोसा.

बीसीसीआयची युक्ती समजून घेण्यासारखी आहे. वॉशिंग्टनची एक बँक, जी पुढे फर्स्ट अमेरिकन नावाने ओळखली गेली, ती १९८२ मध्ये काही अरब गुंतवणूकदारांनी विकत घेतली. पैसा आमचा स्वतःचा, असं त्यांनी नियंत्रकांना सांगितलं होतं. प्रत्यक्षात त्यातल्या अनेकांना बीसीसीआयनेच कर्ज दिलं होतं, आणि तारण होते त्याच बँकेचे समभाग. म्हणजे नाव तुमचं, पैसा माझा आणि कागद माझ्या कपाटात. आपल्याकडे सातबारा गड्याच्या नावावर ठेवून जमीन कसणारे जे करतात, तेच. फक्त सूट घालून.

म्हणून मालक कोण, एवढंच विचारून थांबायचं नाही. मालकाला पैसे कोणी दिले आणि तारण काय ठेवलं, हेही विचारायचं. भारतात हे तपासायची ठिकाणं आहेत. कंपनी व्यवहार मंत्रालयाच्या संकेतस्थळावर कंपनीचे संचालक आणि तिच्यावरचे बोजे दिसतात. थोडं शुल्क भरलं की वार्षिक विवरणपत्रं आणि भागधारकांच्या याद्याही बघता येतात. जमिनीसाठी महाभूलेखवर सातबारा, आणि त्यात ‘इतर हक्क’ हा रकाना आधी वाचा. बँकेचा किंवा पतसंस्थेचा बोजा तिथे असतो. मग फेरफार. खरेदीखताचा गोषवारा हवा तर नोंदणी विभागाच्या संकेतस्थळावर ‘इंडेक्स टू’.

उमेदवारांची शपथपत्रं निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर असतात. त्यात स्वतःची, जोडीदाराची, अविभक्त कुटुंबाची आणि अवलंबितांची मालमत्ता असते. आता नीट बघा: स्वतः कमावणारे थोरला मुलगा, लग्न झालेली मुलगी, भाऊ, मेव्हणा यातले कोणीच ‘अवलंबित’ नाहीत. घराण्याची गोष्ट बहुतेक वेळा नेमकी त्यांच्याच नावावर असते. शपथपत्र ही सुरुवात झाली. तिथून नावं उचलून कंपन्यांच्या नोंदी आणि इंडेक्स टू बघायचं.

पण सावकाश. माझीच एक चूक सांगतो. एका तपासणीत दोन कर्जदार कंपन्यांचा पत्ता एकच दिसला. मजला आणि गाळा क्रमांकही तोच. मी अहवालात ठोकून दिलं, ‘परस्परसंबंधित’. वरिष्ठांनी मला त्या पत्त्यावर पाठवलं. गेलो तर चार्टर्ड अकाउंटंटचं ऑफिस. दाराशेजारी कंपन्यांच्या नावांच्या पाट्या खालपासून वरपर्यंत, मी मोजल्या, एकतीस. त्यातल्या बहुतेकांनी एकमेकांचं तोंडही पाहिलं नसेल. सामाईक पत्ता, सामाईक लेखापरीक्षक आणि सामाईक कंपनी सचिव ही चौकशीची कारणं असतात. निष्कर्ष नव्हेत.

आता हीच फूटपट्टी तिसऱ्या वाक्याला लावू. जॉर्ज डब्ल्यू. संचालक होते ती तेल कंपनी म्हणजे टेक्सासची हार्केन एनर्जी. १९८७ मध्ये तिला भांडवल हवं होतं. आर्कान्सासमधल्या स्टीफन्स पेढीने युनियन बँक ऑफ स्वित्झर्लंडकडून अडीच कोटी डॉलर उभे करून दिले. ही स्विस बँक जिनिव्हातल्या एका बँकेत बीसीसीआयची भागीदार होती. पुढे त्यातले बरेच समभाग एका सौदी गुंतवणूकदाराकडे गेले. कागद आहेत, पैसाही खरा आहे. पण कागद सिद्ध काय करतो? हार्केनमध्ये पैसा घालणाऱ्याचे दुसरीकडे बीसीसीआयशी व्यवहार होते, एवढंच. पत्त्याच्या पाटीपेक्षा हे नक्कीच जास्त आहे. कटापेक्षा मात्र फार कमी.

हार्केनचा एक उपप्रश्न जास्त ठोस आहे. २२ जून १९९० रोजी जॉर्ज डब्ल्यू. यांनी कंपनीचे २,१२,१४० समभाग ८,४८,५६० डॉलरला विकले. ऑगस्टमध्ये कंपनीने मोठा तोटा जाहीर केला. विक्री नियंत्रकांना कळवण्याचा फॉर्म मुदत उलटून ३४ आठवड्यांनी दाखल झाला. रोखे नियंत्रकांनी १९९१ मध्ये चौकशी केली आणि कारवाई केली नाही. त्या वेळी वडील राष्ट्राध्यक्ष होते, हे टीकाकार लगेच सांगतात. नियंत्रकांचं पत्र निघालं ऑक्टोबर १९९३ मध्ये आणि तेव्हा क्लिंटन यांचं सरकार होतं, हे कोणी सांगत नाही. त्या पत्रात दोन गोष्टी एकत्र आहेत: कारवाई करत नाही, आणि याचा अर्थ निर्दोष ठरवलं असा घेऊ नये. सहाव्या रकान्यात दोन्ही लिहा. एकच लिहिली की तुम्हीही तक्तेवाल्यांपैकी एक झालात.

नील यांची गोष्ट वेगळ्या पानावर. सिल्व्हराडो ही डेन्व्हरची बचत-कर्ज संस्था, म्हणजे साधारण आपल्या घरकर्ज देणाऱ्या पतपेढीसारखी. डिसेंबर १९८८ मध्ये बुडाली आणि सरकारी तिजोरीला सुमारे अब्ज डॉलरचा खड्डा पडला. आपल्याच व्यवसायातल्या भागीदारांच्या कर्जांना मंजुरी देताना नील यांनी हितसंबंध नीट उघड केले नाहीत, असं नियंत्रकांनी ठरवलं. दिवाणी तडजोडीत त्यांनी ५०,००० डॉलर भरले. फौजदारी आरोप झाला नाही. आणि यात बीसीसीआय कुठेच नाही! तक्त्यात मात्र दोन्ही भाऊ एकाच बाणावर टांगलेले होते.

नावं बदलून पाहा

ही माझी सर्वांत आवडती पायरी. साखळी तशीच ठेवायची आणि शेवटचं नाव बदलायचं.

स्टीफन्स पेढीचंच घ्या. त्या कुटुंबाचा मोठा वाटा असलेल्या बँकेने क्लिंटन यांच्या १९९२ च्या प्रचाराला कर्ज दिलं होतं. मग बाण क्लिंटनकडेही जातो. अबेदींनी जिमी कार्टर यांच्या सेवाभावी कामाला मोठ्या देणग्या दिल्या. कार्टर यांचे माजी अर्थसंकल्प संचालक बर्ट लान्स यांनी आपल्या बँकेतला वाटा ज्याला विकला, तो बीसीसीआयचा नामधारी माणूस निघाला. मग कार्टर. क्लिफर्ड तर डेमोक्रॅट पक्षाचेच ज्येष्ठ. याच गतीने गेलं तर अबेदींच्या पहिल्या नोकरीवरून मुंबईलाही एक लाल बाण देता येईल.

जी साखळी कोणाच्याही गळ्यात बसते, ती कोणाच्याच विरुद्ध पुरावा नसते. मात्र नाव बदलल्यावर एखादी कडी तुटली, म्हणजे ती फक्त याच माणसाला लागू पडत असली, तर तिथे बोट ठेवा. तिथे खणायला जागा आहे. हार्केनच्या समभागविक्रीची तारीख ही तशी कडी आहे.

‘माफिया’ म्हणजे नक्की कोण?

इथेही तीन वेगळी वाक्यं असतात. गुन्हेगाराचं त्या बँकेत खातं होतं. बँकेतल्या लोकांना ते माहीत होतं. पुढाऱ्याला माहीत होतं. पहिल्यावरून तिसऱ्यावर उडी मारता येत नाही.

बीसीसीआयच्या बाबतीत दुसरं वाक्य पक्कं आहे, आणि ते कसं पक्कं झालं ते ऐकण्यासारखं आहे. अमेरिकी सीमाशुल्क विभागाचा एक अधिकारी पैसे धुऊन देणारा व्यापारी बनून दोनेक वर्षं या बँकेतल्या लोकांत वावरला. शेवटी त्याने आपल्या लग्नाच्या पत्रिका वाटल्या. नवरीसुद्धा गुप्त अधिकारीच. ऑक्टोबर १९८८ मध्ये टॅम्पाजवळ पाहुणे जमले. आदल्या रात्री नवरदेवाच्या पार्टीला म्हणून त्यांना गाड्यांतून नेलं आणि उतरताच बेड्या ठोकल्या. कोलंबियाच्या टोळ्यांचा पैसा कसा फिरवायचा, हे बँकेचे अधिकारी स्वतःच्या तोंडाने सांगतानाच्या ध्वनिफिती होत्या. पनामाचा हुकूमशहा नोरिएगा हाही याच बँकेचा खातेदार.

आपल्याकडे ‘संघटित गुन्हेगारी’ला कायद्यात व्याख्या आहे. महाराष्ट्राचा संघटित गुन्हेगारीविरोधी कायदा, म्हणजे मकोका, १९९९ चा. तो लावायला टोळी हवी, आणि मागच्या दहा वर्षांत एकाहून जास्त आरोपपत्रांची न्यायालयाने दखल घेतलेली हवी. आता भारतीय न्याय संहितेतही कलम १११ आहे. बातमीत कोणी ‘अंडरवर्ल्डशी संबंधित’ असं लिहिलं, तर विचारा: कोणतं कलम, कोणतं आरोपपत्र? बनावट मुद्रांकांच्या तेलगी प्रकरणात ही उत्तरं मिळतात, कारण तिथे मकोका लागला होता. लग्नातल्या फोटोवरून उठलेल्या बोंबेत बहुतेक वेळा मिळत नाहीत.

डायऱ्यांचंही तेच. जैन हवाला प्रकरणात १९९१ मध्ये सीबीआयला वह्या मिळाल्या. पुढाऱ्यांची समजली गेलेली आद्याक्षरं आणि पुढे रकमा. देश हलला. सर्वोच्च न्यायालयाने १९९८ मध्ये सांगितलं की सुटे कागद म्हणजे हिशेबाची वही नव्हे, आणि नुसत्या नोंदीवर दुसऱ्याला जबाबदार धरता येत नाही. स्वतंत्र पुरावा लागतो. हा निकाल अनेकांच्या पचनी पडला नाही, माझ्याही नाही. पण सहाव्या रकान्यात तोच लिहावा लागतो.

सरकारने दाबलं का?

पाचवं वाक्य. याचेही दोन तुकडे करा. कारवाई ढिली झाली का? हो. डेमोक्रॅट केरी आणि रिपब्लिकन ब्राऊन या दोन सिनेटरांचा डिसेंबर १९९२ चा अहवाल न्याय विभागाच्या संथपणावर कडक बोलतो. सीआयएला या बँकेची कुंडली आधीच माहीत होती आणि तिनेही ही बँक वापरली होती, हे तिने १९९१ मध्ये मान्य केलं. न्यूयॉर्कचे जिल्हा सरकारी वकील मॉर्गेन्थाऊ मागे लागले नसते तर प्रकरण आणखी लांबलं असतं, असं माझंही मत आहे. दुसरा तुकडा: घराण्याला वाचवायला ढिली झाली का? त्याला कागद नाही. पेन्सिल.

लिहिण्याआधी

स्थानिक प्रकरण असेल तर न्यायालयांच्या ई-कोर्ट्स संकेतस्थळावर पक्षकाराच्या नावाने शोधा, पण नामसाधर्म्य सांभाळा. वडिलांचं नाव आणि गाव जुळलं तरच धरा. संवेदनशील सोडून बाकी एफआयआर पोलिसांच्या संकेतस्थळावर असतात. माहिती अधिकाराचा अर्ज दहा रुपयांत होतो आणि उत्तराला तीस दिवस. मात्र तपासाला बाधा येईल असं कारण देऊन माहिती नाकारता येते, आणि ईडी-सीबीआयला बरीच सूट आहे. म्हणून ‘सगळी माहिती द्या’ असं मागू नका. ‘अमुक तारखेच्या आदेशाची प्रत’ मागा.

आणि ‘कथित’, ‘म्हणे’, ‘अशी चर्चा आहे’ हे शब्द बदनामीच्या दाव्यात ढाल होत नाहीत. विधान खरं असावं लागतं आणि ते सांगण्यात लोकहित असावं लागतं. ज्याच्यावर लिहिताय त्याचं म्हणणंही घ्या, आणि ते शेवटच्या ओळीत कोंबू नका.

ग्रुपवर मी एवढंच टाकलं: ‘‘बँकेने ड्रगचा पैसा धुतला, कबूल केलं. अमेरिकी बँका लपून घेतल्या, तेही कबूल. धाकट्या बुशच्या कंपनीत त्या वर्तुळातला पैसा आला, कागद आहे. समभागविक्रीची चौकशी झाली, कारवाई नाही, निर्दोषही म्हटलं नाही. नीलची संस्था वेगळी. घराण्याने बँक वाचवली, याला कागद सापडला नाही.’’

तक्ता टाकणाऱ्या मित्राने विचारलं, ‘‘म्हणजे सुटले की अडकले, ते सांग ना.’’ मी वहीचा फोटो काढला, सहावा रकाना मोठा केला आणि पाठवला.